मशीनवर बसलेली बाई

आमचं हल्लीचं कपडे धुण्याचं मशीन कुठल्या कामात आहे, ते मी ओट्याशी उभी राहून सांगू शकते. दार लॉक होताना टक्. पाणी आत येताना नळीत सळसळ, कारण ते बारक्या झडपेतून दाबाने येतं. मळकं पाणी बाहेर टाकताना पंपाची घुरघुर, आणि पाणी संपून पंप नुसती हवा ओढायला लागला की खरखर. मग पिळणं. तो आवाज चढत चढत जातो आणि दोन-चार मिनिटांनी उतरतो. नात म्हणते, आजी, तुला बरं सगळं कळतं. तिने मला चाळिशीत पाहिलेलं नाही.

चाळिशीत मी बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते आणि दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवीचा ध्वनीचा धडा म्हणजे माझा हातखंडा. बाकाला कान लावायला सांगून पलीकडे टिचकी मारायची आणि कंपन लाकडातून कसं जातं ते पोरांना पटवायचं. अशा विदुषीच्या घरी पहिलं फ्रंटलोड मशीन आलं.

ते बसवायला कंपनीचा माणूस रविवारी अकराला येणार होता. तो आला दोनला. मी जाळीच्या दाराआडूनच म्हटलं, "अकरा म्हणजे अकरा. आता गरज नाही, पुस्तक वाचून आम्ही बसवू."

"मॅडम, निदान मागचे तेवढे..."

"पुस्तकात असेल," म्हणून मी दार लावलं.

पुस्तक मी वाचलं. म्हणजे कुठल्या कपड्यांना कुठलं बटण, ती दोन पानं वाचली. पाइप जोडला, मशीन ड्राय बाल्कनीत ढकललं आणि चालू केलं. धुताना ठीक होतं. पिळायला लागलं तेव्हा कपाटावरचे डबे वाजायला लागले आणि मशीन वीतभर पुढे आलं. हे म्हणाले, "आवाज जरा जास्त नाही का?" मी म्हटलं, "मिनिटाला आठशे फेरे घेतंय. तुम्ही घेऊन बघा, आवाज न करता."

दुसऱ्या दिवसापासून पिळायची वेळ झाली की मी त्याच्यावर चढून बसायला लागले. दोन्ही हातांनी कडा धरायच्या, दात आवळायचे. रोज सकाळी नऊला, शाळेला जायच्या आधी. वजन ठेवलं की कंपन कमी होतं, असा माझा शास्त्रीय विचार.

आमच्या घराच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर आपा राहायच्या. इस्पितळात नर्स होत्या आणि कायम रात्रपाळी मागून घेत. रात्री दोन्ही मुलींजवळ त्यांचे मिस्टर असत. आपा साडेआठला घरी येऊन झोपायच्या आणि एक वाजता मुली शाळेतून आल्या की त्यांना गरम जेवण वाढायच्या. सगळी पाळी त्या एकच्या जेवणासाठी होती. आणि त्यांची झोपायची खोली माझ्या बाल्कनीला लागून, खालीच.

आठवड्याभराने त्या वर आल्या. "बाई, नऊ वाजता तुमच्याकडे काय चालतं?"

मी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने वर्तुळ काढून त्यांना समजावलं. ओले कपडे एका बाजूला गोळा होतात, तोल जातो, म्हणून हादरा बसतो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कारण समजलं," त्या म्हणाल्या. "त्याने झोप येत नाही."

मी मशीनखाली रबराची चटई घातली आणि माझ्याकडून विषय संपला. त्या आणखी एकदा आल्या, नंतर आल्याच नाहीत. दोन महिन्यांनी जिन्यात भेटल्या तेव्हा कळलं, त्यांनी दिवसपाळी घेतली होती. मुली शाळेतून परस्पर नारायण पेठेत मावशीकडे जात आणि संध्याकाळी सातला आपा त्यांना बसने घेऊन येत. "धाकटी मावशीकडे जेवत नाही," एवढंच म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. मी मात्र घरी येऊन ह्यांना म्हटलं, बरं झालं, आता मोकळेपणाने कपडे धुता येतील. तेव्हाची मी ही अशी होते.

पुढे एकदा मशीन जागचं इतकं सरकलं की पाइप निसटला. ह्यांनी ते ओढून फिरवलं, तर पाठीवर चार मोठे बोल्ट आणि शेजारी पान्याचं चित्र असलेला लाल स्टिकर. तो स्टिकर मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. मला वाटलं, पाना लावू नका असं म्हणतायत. आता ह्यांनी पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणजे त्याचे हेलकावे आतल्या आत जिरतात. ट्रकमधून येताना तो आपटू नये म्हणून चार बोल्टांनी पत्र्याला आवळून ठेवतात. वापरायच्या आधी ते काढायचे. नाही काढले तर ड्रमचा सगळा हादरा पत्र्यात, पत्र्यातून फरशीत आणि फरशीतून खालच्याच्या छतात. बाकाला कान लावायला शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या फरशीचा विचार केला नव्हता.

बोल्ट काढले. मशीन जागचं हललं नाही.

त्याच संध्याकाळी मी खाली गेले. "आपा, आता आवाज नाही येणार. कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करून गेला."

"कधी?"

"आज सकाळी."

"आज मला सुट्टी होती. सकाळभर जिना धूत होते मी. कोणी आलं नाही."

मग मला सगळं सांगावं लागलं. बोल्ट, परत पाठवलेला माणूस, आणि रोज वर चढून बसणं, तेसुद्धा. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे मध्येच आवाज जरा जड व्हायचा, ते तुम्ही होतात," म्हणाल्या, आणि माझ्यामागून वर आल्या. मशीन चालू करायला लावलं. त्यावर काठोकाठ पाण्याचं फुलपात्र ठेवलं आणि पिळणं संपेपर्यंत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पाणी थरथरलं, सांडलं नाही.

"पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी मागते," त्या म्हणाल्या. "मिळेल असं नाही. माझ्या जागी दुसरी आलीय."

मिळायला चार महिने लागले. तेवढे दिवस धाकटी मावशीकडे अर्धपोटी राहिली, ते माझ्यामुळे. पाळी मिळाली त्या आठवड्यात मी नऊला मशीन लावलं आणि बाल्कनीत नुसती उभी राहिले. दुपारी, शाळेला निघताना, त्यांची बेल वाजवली. आपांनी दार उघडलं. गालावर उशीच्या अभ्र्याच्या घड्या उमटल्या होत्या, आतून मुलींच्या भांडणाचा आणि ताटल्यांचा आवाज येत होता.

"बाई," त्या जांभई देत म्हणाल्या, "मशीन लावलं नाहीत का आज?"