अळणी डबा

रविवारी आम्ही मटण खाल्लं. ते घरातलं शेवटचं मटण आहे हे माहीत नसल्यामुळं नेहमीसारखं भांडत खाल्लं, नळी कुणाच्या ताटात गेली यावरून. सोमवारी डेपोत ड्रायव्हर लोकांची डॉक्टरी तपासणी होती. आमचे हे सकाळी गाडीवर म्हणून गेले आणि दुपारी पायी घरी आले. दारात चपला काढता काढता म्हणाले, "गाडी काढून घेतली माझ्याकडनं."

ब्लडप्रेशर निघालं होतं, तेही बरंच. तीन महिने हलकं काम, म्हणजे डेपोच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या टिपायच्या. मग पुन्हा तपासणी. उतरलं नाही तर चाक कायमचं हातातून जाणार. यांना तेव्हा चाळिशीही लागली नव्हती.

सत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट. शिवाजी पेठेत दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. हे शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या गावांना जाणारी बस चालवायचे. त्यातल्या बऱ्याच फेऱ्या मुक्कामाच्या. संध्याकाळी गाडी न्यायची, तिथंच झोपायचं, पहाटे भरून परत आणायची. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि त्यातल्या निम्म्या रात्री मी एकटीनं काढल्या होत्या, घाटात धुकं असेल का, ब्रेक नीट असतील का, याचा विचार करत. मूलबाळ नव्हतं. ते होणार नाही हे एव्हाना दोघांनाही कळलं होतं आणि त्यावर बोलायचं आम्ही सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीही यांच्याबरोबर डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर तरुण, नागपूरकडचे, नुकतेच कोल्हापुरात आलेले. मटण बंद, अंडी बंद, तळलेलं बंद, लोणचं-पापड बंद आणि मीठ तर पूर्ण बंद, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

"मग खायाचं काय?" यांनी विचारलं.

"भाज्या. भरपूर भाज्या खा."

मीच पुढं होऊन विचारलं. "तिखट चालंल न्हवं?"

"तिखटाचं काही नाही. पोटाला सोसेल तेवढं खा," डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्यावर आम्ही दोघंही जरा सावरलो.

यांचे वडील पन्नाशीच्या आतच प्रेशरनं गेले होते. सकाळी तोंड धुवायला बसले आणि तिथंच आडवे झाले. त्यामुळं हे घाबरले होते. घाबरले की हे बोलत नाहीत, वस्तू हलवतात. त्या आठवड्यात ट्रंक दोनदा इकडची तिकडं झाली, देवाच्या तसबिरी खाली उतरून पुन्हा वर गेल्या, आणि पाण्याचं पिंप हलवताना माझ्या पायावर आलं. मी म्हटलं, "हात गप बसत नसतील तर ही भेंडी चिरा."

चिडून म्हटलं होतं. पण त्यांनी खरंच विळी ओढली आणि भेंडी चिरली. सगळे तुकडे एकाच मापाचे. मी चिरते त्यापेक्षा बरे होते, ते मी तेव्हा बोलले नाही.

भाजी म्हणजे आमच्याकडं सोमवार-शनिवारची शिक्षा. पिठलं, आमटी, वांगं, बटाटा, इतकाच आमचा पसारा. आता रोज दोन्ही वेळेला भाजी, आणि तीही बिनमिठाची. पहिले चार दिवस आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता जेवलो. मी वेगळं शिजवून खावं असं यांनी सुचवून बघितलं. मी म्हटलं, दोन चुली मांडायला मी काय खानावळ काढलीय?

मग आम्ही शोधायला लागलो. दुपारी रेडिओवर बायकांचा कार्यक्रम लागायचा, त्यात सांगितलेलं मी ध्यानात ठेवायची. पाच वाजता हे फाटकावरून सुटायचे, येताना मंडईतून काहीतरी उचलून आणायचे, आणि मग आमची प्रयोगशाळा सुरू व्हायची. पालकाचं सूप केलं. हे ते नाक दाबून प्याले आणि म्हणाले, "कपडं भिजवल्यालं पाणी हाय हे." दुधात शिजवलेला कोबी केला. तो आम्ही दोघांनी मिळून गायीला घातला, आणि गायीनंही वास घेऊन तो तसाच ठेवला. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं मात्र जमलं. लिंबू पिळलं, आमसूल टाकलं, लसणाची फोडणी सढळ हातानं दिली, की मिठाची आठवण थोडी कमी यायची.

एकदा शेवग्याच्या शेंगांचा पांढरा रस्सा करायचं ठरलं. नारळाचं दूध, तीळ, खसखस, सगळं मटणाला करतो तसं. हे पाटा-वरवंट्यावर खसखस वाटत बसले. समोर तालीम होती, तिथली पोरं येता-जाता खिडकीतून डोकवायची. "मामा, आज काय बेत?" यांनी खिडकी लावून घेतली, पण वाटणं सोडलं नाही. रस्सा दिसायला देखणा झाला होता. चवीला मात्र नुसतं कोमट पाणी. हे दोन घोट घेऊन थांबले. "पांढरं नगं बिनमिठाचं. तांबडंच करत जा."

तेव्हापासून आमच्याकडं सगळं तांबडं झालं. मोडाची मटकी तांबडी, दोडका तांबडा. फणस मिळाला तेव्हा कच्च्या फणसाचा मटणासारखा रस्सा केला, आणि तो इतका झकास झाला की यांनी फणसाच्या आठळीला नळी म्हणून चोखलं. जिथं चव लागायची नाही तिथं मी आणखी एक चमचा चटणी ढकलायची. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची, वर्षाची एकदाच कुटून बरणीत भरलेली. तिच्यावर तर आमचं घर चालायचं, आणि तिखटाला डॉक्टरांची परवानगी होती.

मला ते दिवस आवडायला लागले होते. हे लिहायला सोपं आहे, तेव्हा स्वतःशी कबूल करणं सोपं नव्हतं. ज्यांचं प्रेशर उतरावं म्हणून मी नवस बोलले होते, ते रोज पाचला घरी येत होते, माझ्याशेजारी बसून लसूण सोलत होते आणि घाटातल्या गमती सांगत होते, ज्या त्यांनी दहा वर्षांत कधी सांगितल्या नव्हत्या. मला रात्री झोप लागत होती. यांना मात्र लागत नव्हती. गल्लीतून ट्रक गेला की त्यांचा उजवा पाय अंथरुणात दाबला जायचा. फाटकावर पोरसवदा ड्रायव्हर यांचीच गाडी घेऊन समोरून जायचा आणि हे तिचा नंबर टिपायचे. त्या दिवशी भाजी जरा जास्त बारीक चिरली जायची.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. प्रेशर उतरलं नव्हतं, उलट थोडं चढलंच होतं.

डॉक्टरांनी आधी यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कुठूनतरी मीठ जातंय. बाहेर खाता का?"

"देवाशपथ न्हाय."

"आणखी तीन महिने देतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर माझा संयम सुटला. मी म्हटलं, "मी इथं अळणी खाऊन मरतीय आणि तुम्ही डेपोच्या हाटेलात मिसळ हाणताय."

"खाल्ली न्हाय."

"मग प्रेशर काय हवा खाऊन चढतंय?"

ते उठले आणि ट्रंक हलवायला लागले. मी यांच्या शर्टाचा वास घेतला, खिसे चाचपले. एका दुपारी तर काही न सांगता डेपोवर जाऊन धडकले. हे फाटकाजवळच्या लिंबाखाली एकटेच बसून माझा डबा खात होते. कोबी होता. मला बघून त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. मी म्हटलं, इकडं बाजारात आलते. आणि परत येताना मला वाटलं, लांबून मला येताना बघूनच डबा काढला असेल. संशयाचं असंच असतं, डोळ्यांनी बघूनही पोट भरत नाही.

त्यानंतर हे विळीवर बसायचे, पण घाटातल्या गमती बंद झाल्या.

बरणी त्या वर्षी शिमग्यालाच तळाला गेली. एरवी उन्हाळाभर पुरायची. मी मिरच्या आणल्या, वाळवल्या, कांदा-खोबरं तळून घेतलं आणि सगळं बांधून पलीकडच्या गल्लीत डंकावर गेले. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर-खाली होणारं. तो डंक एका मुसलमान कुटुंबाचा. तिथल्या भाभीशी माझं चांगलं जमायचं. दोघी तोंडाला पदर गुंडाळून, शिंकत, ओरडत बोलायचो.

मिरची कुटून होत आली तशी भाभीनं हात पुढं केला. "मीठ दे की."

मी गठुळं सोडलं. त्यात खड्याच्या मिठाची पुडी होती. चांगली मोठी. सकाळी मीच ती बांधली होती, माझ्याच हातानं, दरवर्षी बांधते तशी. चटणी टिकायची तर मीठ घालावंच लागतं. पण मीठ म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर फक्त चुलीजवळचा मिठाचा डबा यायचा. तो मी फळीवर इतका वर ठेवला होता की मलाच काढता येत नव्हता. आणि चटणीतलं मीठ मी रोज चमच्याचमच्यानं यांना चारत होते, चव लागत नाही म्हणून वरून आणखी एक चमचा.

"नगं मीठ," मी म्हटलं.

"बुरशी धरंल की गं."

"धरू दे. नगं."

मसाल्याच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतच होतं, म्हणून भाभीला वेगळं काही दिसलं नाही.

डंकापासून घर काही लांब नव्हतं. पण तेवढ्या वाटेत माझ्या मनात जे आलं ते आलंच. हे जर मी बोललेच नाही तर? नवी चटणीही मिठाची कुटून आणली तर? प्रेशर उतरणार नाही, गाडी मिळणार नाही, हे रोज पाचला घरी येतील. मला त्या विचारानं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मोरीवर आडवे झालेले सासरे आठवले आणि माझे पाय भराभर चालायला लागले.

चपला काढायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. हे ऐकत राहिले. मग उठून रिकामी बरणी घेतली, बोटानं तळ पुसला आणि बोट जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले. बरणी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे मी चोर न्हवतो."

"न्हाय."

"डेपोत तू बघायलाच आलतीस."

"व्हय."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि मिटलं असतं. त्यांनी बरणी घासायला घेतली. मी त्यांच्याशेजारी जाऊन पाणी ओतत राहिले. चूक दोघांच्या स्वयंपाकातली होती, पण संशय माझ्या एकटीचा होता, आणि तो धुऊन जायला पुढं बरेच दिवस लागले.

उन्हाळ्यात तपासणी झाली आणि प्रेशर उतरलेलं निघालं. हे पेढे घेऊन आले, मला एक दिला, स्वतः अर्धाच खाल्ला. शीळ घालत होते. इतक्या महिन्यांत मी ती ऐकली नव्हती. मी पेढे देवापुढं ठेवले आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली.

मुक्कामाच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. भाजी मी एकटीच चिरायची, एकटीच खायची, यांचा डबा भरून द्यायची. रेडिओवर काही नवीन सांगितलं तरी कान द्यावासा वाटायचा नाही. पंधरा-वीस दिवसांनी यांना सुट्टी मिळाली तेव्हा मी विचारलं, "डबा खाताय न्हवं?"

"खातोय की."

"कुठं बसून?"

"गाडीत."

"एकटंच? कंडक्टर कुठं असतोय?"

"तो गावात जेवतोय. मीबी जायचो आधी. आता गेलं की कोणतरी ताटात रस्सा वाढतंय, नगं म्हटलं की त्यास्नी राग येतोय. म्हणून गाडीतच बसतो." बोलता बोलता ते थांबले. "भाजी तीच असती, बघ. पण हितं अळणी लागत न्हवती. तिथं लागती."

सहा-सात महिने जे ओठांवर अडवून धरलं होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. "मग सोडा की गाडी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "गाडी सोडून मी जगतोय व्हय गं?" म्हणाले, आणि विळी पुढं ओढून दुधी चिरायला घेतला. मी त्यांच्यासमोर बसून राहिले. दोघांना दोन दिवस पुरेल एवढा दुधी चिरून झाला तरी त्यांचा हात थांबला नाही, आणि मीही थांबा म्हटलं नाही.