अप्पांचं गाऱ्हाणं, बोरिवलीच्या नाक्यावर

टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा होता आणि आमचं कपाट काही केल्या त्यात चढत नव्हतं. उचलायला मी, माझे वडील अप्पा आणि टेम्पोवाला. त्यातही अप्पांचा डावा हात नुसता शोभेला. एरवी कांदिवलीच्या त्या चाळीत कुणाचा स्टोव्ह बिघडला तरी सल्ले द्यायला अर्धा मजला खाली उतरायचा. त्या सकाळी सगळी मंडळी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती, आणि एकही माणूस जिन्याकडे वळत नव्हता. कोपऱ्यावर पोलिसांची जीप होती ना. आमच्या कपाटाला हात लावला की नाव ठाण्यातल्या साहेबांच्या कानावर, ही भीती.

"वर बघू नको. कपाट बघ," आई मला म्हणाली.

मी तरी वर बघितलंच. गॅलरीतल्या मंडळींनो, तेव्हा तुमच्यावर जो चिडलो तो आजही चिडलेलाच आहे. फक्त आता वयामुळे माझा राग जिना चढेपर्यंत दमतो, एवढंच. तुमच्यातले बरेच जण पुढे विरारला, डोंबिवलीला गेलात असं कळतं. तुमची कपाटं तरी नीट चढली असतील, अशी आशा आहे.

टेम्पो बडोद्याला गेला, आणि तिथे आम्हाला अजून विचारतात, "मुंबई केम छोडी, भाई?" मी सांगतो, हवा मानवत नव्हती. खोटं नाही ते.

अप्पा विरोधी पक्षाचे कार्यकर्ते होते. घरी पाहुणा आला की मी हे भारदस्तपणे सांगायचो. प्रत्यक्षात पक्षात त्यांच्याकडे सतरंज्यांचं खातं होतं. सभेआधी अंथरायच्या, सभेनंतर झटकून गुंडाळायच्या. भाषण त्यांनी जन्मात केलं नाही. पण चाळीतला गणपती असो, सत्यनारायण असो, नाहीतर नवीन पाण्याची टाकी, देवापुढे गाऱ्हाणं घालायला अप्पाच लागत. आमच्या मालवणकडे ही रीतच आहे. एकाने नारळ हातात घेऊन देवाला सगळ्यांची दुःखं आणि मागण्या खणखणीत आवाजात सांगायच्या, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" अप्पांच्या गाऱ्हाण्याला तर खालच्या मजल्यावरचे गुजराती शेठही होकार भरायचे, कशाला ते कळो न कळो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. अप्पांच्या पंख्यांच्या कारखान्याला मालकाने टाळं लावलेलं, आणि मंत्रीसाहेब मालकाच्या मांडीला मांडी लावून बसायचे. साहेब बोरिवलीला कसल्याशा उद्घाटनाला येणार म्हणून पक्षाने काळे झेंडे घेऊन मोर्चा काढला. मीही गेलो. कॉलेज नुकतंच संपलेलं, नोकरी नाही, क्रांतीला भरपूर वेळ होता.

नाक्यावर पोलिसांनी साखळी करून आम्हाला अडवलं. पुढारी नेहमीप्रमाणे उशिरा. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली, मागून ढकलाढकली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अप्पा, पुढारी येईपर्यंत गाऱ्हाणं घाला!" लोक हसले. अप्पा मात्र हसले नाहीत. देवाचं नाव निघाल्यावर थट्टा त्यांना चालायची नाही. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांच्या पोटावर ज्येणा पाय दिल्यान, तेका सद्बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि सद्बुद्धी घेत नसात, तर तेची खुर्ची हलव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता ऐका. हा दुसरा होकार फक्त आमच्याकडून आला नाही. समोरच्या साखळीतून, खाकी गणवेशातूनही एक बारीकसा "व्हय म्हाराजा" आला. परब हवालदार. आमच्याच बाजूच्या गावचा, राहायला दहिसरला, आमच्या गणपतीला दर वर्षी न चुकता आरतीला येणारा. बिचाऱ्याच्या तोंडातून जन्माच्या सवयीने निघून गेला तो होकार. काठी धरलेल्या माणसाने सरकारची खुर्ची हलवायला देवाला रुकार दिला!

इन्स्पेक्टरने मान वळवली. परबचा चेहरा मला अजून दिसतो. मग हुकूम सुटला, आणि पहिली काठी परबने उचलली. उचलणं भागच होतं त्याला. ती अप्पांच्या जोडलेल्या हातांवर बसली.

पुढचं वर्णन वीराने करावं, माझ्यासारख्याने नव्हे. पळणाऱ्यांना गाठून मारत होते. खाली पडलेल्यांना मारत होते. झेंडे टाकून हात वर केलेल्या बायकांना मारत होते. मी उसाच्या रसाच्या गाड्याखाली शिरलो, पण सगळा मावलो नाही. जो भाग बाहेर राहिला त्यावर माझी राजकीय कारकीर्द सुरू झाली आणि तिथेच संपली. पुढारी आले तेव्हा नाक्यावर फक्त चपला होत्या.

तिथून अप्पांचं नाव पोलीस ठाण्यात जे लागलं ते लागलंच. मंत्री येणार, खबरदारी म्हणून अप्पांना उचला. बंदची हाक, उचला अप्पांना. गुन्हा काय, कलम कुठलं, विचारायची सोय नाही. "साहेबांनी दोन मिनिटं बोलावलंय," एवढंच यायचं. ती दोन मिनिटं कधी दुसऱ्या दिवशी संपायची, कधी त्याच्याही नंतर. सतरंज्या अंथरणाऱ्या माणसाला सरकार एवढं घाबरतं, याचा मला सुरुवातीला अभिमानच वाटायचा. आई दाराच्या खुंटीला चादर, पंचा आणि तंबाखूची डबी घातलेली पिशवी तयारच ठेवायला लागली. जीप आली की ती आधी पिशवी काढून द्यायची, मग नवऱ्याला.

मग चतुर्थी आली. मूर्ती पाटावर बसलेली, अप्पा आंघोळ करून सोवळं नेसत होते, आणि जीप आली. मंत्रीसाहेब उपनगरातल्या गणपतींच्या दर्शनाला निघणार होते म्हणे. आई म्हणाली, "पूजा होऊ दे, मग न्या." इन्स्पेक्टर म्हणाला, "पूजा तिकडे करून घेऊ."

आणि खरंच करून घेतली. हे आम्हाला परबकडून कळलं. साध्या कपड्यांत आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आईने दिलेलं पाणीही त्याने घेतलं नाही. म्हणाला, साहेब अप्पांना कोठडीतून बाहेर उभं करतात आणि म्हणतात, घाल रे तुझं ते गाऱ्हाणं. सगळं ठाणं खुर्च्यांवर पाय टाकून "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" करत हसतं. अप्पा थांबले की काठी. "आणि वयनी," जाता जाता तो म्हणाला, "आता ते झिलाचा नाव इचारतत. हेका खयतरी धाडा."

झील म्हणजे मुलगा. म्हणजे मी, रसाच्या गाड्याखालचा क्रांतिकारक.

अप्पा घरी आले तेव्हा गणपती गेलेले होते. डाव्या हाताची मूठ मिटत नव्हती. आईने मामाला बडोद्याला निरोप धाडला आणि टेम्पो ठरवला. "झिलाक एकट्याक धाडूचा तर तुमका हयच ठेवूचा? परत उचलून न्हेवक?" असं ती अप्पांना म्हणाली.

बडोद्याने आम्हाला वाईट वागवलं नाही. मी मामाच्या ओळखीने ड्राफ्ट्समन झालो, गुजरातीत भांडायला शिकलो, आमच्या आमटीत आईचं लक्ष नसताना गूळ शिरला. फक्त अप्पांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं. चतुर्थीला भटजी मंत्र म्हणून जायचे, आणि अप्पा उठून खिडकी लावायचे. बाहेर भाजीवाला ओरडला तरी त्यांची मान वळायची. माझं लग्न झालं, मुलगी झाली, देवापुढे आमच्या वतीने कुणी एक शब्द बोललं नाही.

मागच्या चतुर्थीला मुलीने विचारलं, "पप्पा, आपल्याकडे गाऱ्हाणं असतं ना? मग घालत का नाही?" मला राहवलं नाही. अप्पा कोपऱ्यात खुर्चीवर, ऐंशीच्या घरातले. मी नारळ घेतला आणि माझ्या बडोदी मालवणीत सुरुवात केली. मुलगी हसायला लागली, बायकोने तिला चिमटा काढला. आई एकटी स्वयंपाकघरातून "व्हय म्हाराजा" म्हणत होती. घाईघाईने मी शेवटाकडे आलो, आणि सभ्य माणसासारखं म्हणालो, "बा देवा म्हाराजा, सगळ्यांका सुखी ठेव!"

"सगळ्यांका नको," कोपऱ्यातून आवाज आला.

तोच आवाज, नाक्यावरचा. अप्पा खुर्चीतून उठले होते.

"खिडकी उघड," ते मुलीला म्हणाले. मग मला, "आता नावां घेवन सांग."

मी घेतली नावं. मंत्र्याचं, मालकाचं, इन्स्पेक्टरचं, खणखणीत, सोसायटीला ऐकू जाईल असं. गॅलरीतल्या तुम्हा मंडळींचंही ओठावर आलं होतं, गिळलं. दर नावाला अप्पा होकार देत होते. शेवटी मी म्हणालो, "आणि परब हवालदार—"

"तेका सोड," अप्पा म्हणाले. "तेना व्हय म्हटल्यान होता."

मी सोडलं नाही. मनातल्या मनात घेतलंच. पण देवापुढे मोठ्याने जे बोललं जातं तेच घराचं असतं, आणि आमच्या घरात ते अजून अप्पा ठरवतात. मी नारळ फोडला. खिडकी उघडीच होती.