मांडवापर्यंत न्यायचा बर्फ

लढाई संपल्यावर माझे सासरे लष्करातून घरी आले, आणि वर्षभरातच त्यांनी लष्कराची मोडीत निघालेली एक लॉरी लिलावात घेतली. लोक जमीन घेतात, म्हैस घेतात. मामंजींनी लॉरी घेतली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, दूध काढाया नको."

लष्करात लॉरी चालवताना त्यांनी लॉरीतच संसार केला होता, आणि तो त्यांना घरच्यापेक्षा बरा वाटला असावा. त्यांनी आत दोन्ही बाजूंना बाक ठोकले. स्टोव्ह बसवायला पत्र्याची चौकट केली. मागच्या अंगाला तोटी लावलेली पाण्याची टाकी बसवली आणि पुढे टपाला जाड कापडाची पाण्याची पिशवी टांगली. वाऱ्यानं तिच्यातलं पाणी माठासारखं गार व्हायचं. तोटीचा कारभार माझ्याकडे आला. मी घरात नवी सून, आणि पाणी भरायचं काम नव्या सुनेचंच, मग ते विहिरीवर असो नाहीतर चाकांवर. मामंजींचा हुकूम होता: आधी इंजन, मग माणसं, उरलं तर भांडी. मी त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे, त्यामुळे मला इंजनाची बाजू मान्य आहे असा त्यांचा समज झाला.

त्या उन्हाळ्यात मामंजींच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्याबाई संगमनेरपुढच्या अकोल्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात राहायच्या. त्यांचे मालक गेले तेव्हा मामंजी लढाईवर होते, त्यांना यायला मिळालं नव्हतं. तो काटा त्यांच्या मनात होता. म्हणून सुपारी फुटली त्या दिवशी, नवऱ्या मुलाकडची नगर शहरातली माणसं समोर बसलेली असताना, ते बोलून गेले, "मांडवात सगळ्यांना बर्फाचं सरबत. मामाकडून."

व्याही नुसते हसले. शहरातली माणसं अशी हसतात की समोरच्याला आपलं धोतर नीट आहे ना हे बघावंसं वाटतं. आत्याबाई मात्र ताडकन म्हणाल्या, "माजा दादा बोलला म्हंजी आनलाच." झालं. तिथून पुढे बर्फ नाही पोचला तर मामंजी खोटे पडणार होते आणि त्यांच्याआधी आत्याबाई. बाई एकटी, सासर दिराच्या हाती, आणि मुलगी त्या हसणाऱ्यांच्या घरी द्यायची.

बर्फाची लादी श्रीरामपूरला रेल्वेनं आली, गोणपाटात शिवलेली. मामंजींनी तिच्यासाठी एकात एक अशा दोन लाकडी पेट्या केल्या होत्या, मध्ये लाकडाचा भुसा ठासलेला, वरून ओलं घोंगडं. खाली वितळलेलं पाणी जायला भोक होतं, त्याला चिंधीचा बोळा. पेटी त्यांनी स्वतः बंद केली आणि सगळ्यांकडे बघून सांगितलं, "मांडवात उगडायची. तवर न्हाई."

पेटी पहिल्यांदा उघडली ती बेलापुरात. श्रीरामपूरहून बेलापूर म्हणजे लॉरी नीट तापतसुद्धा नाही. पण बेलापुरात मामंजींचे चुलते होते, आणि आमच्याकडे भावकीच्या दारावरून सरळ निघून जाता येत नाही. "दारावरनं गेले आन् उतरले न्हाईत," हे वाक्य आमच्यात तीन पिढ्या टिकतं. उतरलो. चहा झाला. मग चुलती म्हणाली, "भाचीचा आहेर दाखवा की."

आता आहेर दाखवावा लागतो. लुगडं असो, भांडं असो, मांडवात जाण्याआधी घरच्या बायकांनी बघितलं पाहिजे, हात लावला पाहिजे, नावं ठेवली पाहिजेत. मामंजींनी एकवार लॉरीकडे बघितलं आणि पेटी उघडली.

सगळी आळी लोटली. एका म्हातारीनं लादीवर तळहात टेकवला आणि "भाजलं गं बाई" म्हणून झटक्यात काढून घेतला. एकानं वास घेतला. चुलतीनं तर, मामाचा आहेर म्हणून, लादीला हळद-कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. घरात एक म्हातारे तापानं पडले होते, त्यांच्यासाठी ढलपी मागितली. आजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मग बिनआजारी लोकांनाही थोडाथोडा ताप आल्यासारखं वाटू लागलं.

निघताना चुलते म्हणाले, आमच्या विहिरीचं पाणी घेऊन जा, असं गोड पाणी पुढं मिळायचं नाही. टाकी भरलेली होती. पण त्यांच्या पाण्याला नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या विहिरीला नाही म्हणणं. म्हणून आमचं पाणी ओतून दिलं आणि त्यांचं भरलं.

कोल्हारला हेच झालं आणि लोणीलाही हेच. लोणीच्या पाहुण्यांची विहीर मचूळ होती. त्यांना सोडून ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोल्हारचं गोड पाणी आम्ही त्यांच्या देखत ओतलं आणि मचूळ पाणी काठोकाठ भरून घेतलं. पाण्याचा मान राहिला. दुपारी स्टोव्हवर ठेवलेला चहा नासला, तो माझ्या हातगुणानं नासला असं ठरलं.

इकडे सासूबाईंना पेटीचा वेगळाच लळा लागला होता. आधी त्यांनी तिच्यात लोण्याचा गोळा ठेवला. मग दूध. मग कालच्या वांग्याची वाटी. लोणी आहे ना बघायला पेटी उघडायची, दूध काढायला उघडायची, वांगं विटलं का बघायला उघडायची. मामंजी गाडी थांबवून मागे आले. "बर्फाची पेटी हाय ती, फडताळ न्हाई."

"मग एवढी मोठी कशाला केली?" सासूबाई म्हणाल्या.

माझे यजमान मधल्या मध्ये इंजन फिरवायचं हँडल हातात धरून उभे राहिले. आईबापांच्या भांडणात ते नेहमी काहीतरी हातात धरून उभे राहत.

संगमनेरला पोचेपर्यंत लादीचा उंबऱ्याएवढा तुकडा राहिला होता. "पुरंल," मामंजी म्हणाले. मचूळ पाण्यानं इंजनात क्षार धरतो म्हणून त्यांनी सगळी टाकी तिथे रिकामी केली, कारण संगमनेरच्या मावसभावाचं पाणी चांगलं. मावसभावाच्या दाराला कुलूप होतं. ते सगळे लग्नालाच पुढे गेले होते. "फुडं वढा हाय," मामंजी म्हणाले आणि गाडी तशीच काढली.

ओढा होता. त्यात पाणी नव्हतं. अकोल्याच्या पुढे चढणीला इंजन उकळायला लागलं, वाफेनं पुढचं दिसेना. टाकी कोरडी. पिशवीतलं पाणी आम्ही माणसांनी केव्हाच संपवलेलं. तेव्हा यजमानांनी त्या सगळ्या प्रवासातलं आपलं एकमेव वाक्य उच्चारलं. "पेटीत पाणी हाय की."

बोळा काढून वितळलेलं पाणी बादलीत धरलं. पण इंजन लालबुंद. त्यात असलं गार पाणी ओतलं तर तडकेल, म्हणून आधी इंजन निवू द्यायचं. इंजन निवेना. तोवर उन्हात पेटीतला उरलेला बर्फ वितळत होता आणि बादली भरत होती. एक लवकर गार व्हावं आणि दुसरं गार राहावं म्हणून आम्ही चौघे माळावर बसून राहिलो. मामंजी कधी इंजनाला हात लावून बघत, कधी पेटीला. मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईंना वाटलं, मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मला आणखीच हसू आलं.

शेवटी व्याह्यांच्या आधी इंजन बर्फाचं पाणी प्यालं आणि आम्ही पोचलो.

मांडव भरला होता. पोरंटोरं लॉरीमागे धावत आली. मामंजी खाली न उतरता आतूनच मागे आले, पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि भुसा चाचपून एक तुकडा काढला. कांद्याएवढा. तो तळहातावर घेऊन ते बाकावर बसले.

बाहेरून हाका सुरू झाल्या. मामानं नवरीला मांडवात आणायचं, मामा तर लॉरीत. सासूबाई म्हणाल्या, उतरा. "कोनत्या तोंडानं उतरू?" मामंजी म्हणाले. त्यांचा तो लष्करी आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मघाशी मला ज्यांचं हसू येत होतं, त्यांच्याकडे आता बघवेना.

मग आत्याबाई स्वतःच लॉरीत चढल्या. "दादा, पोर खोळंबली. बर्फ कुटं हाय?"

मामंजींनी हात पुढे केला. "यवडाच ऱ्हायला. वाटंत समद्यांस्नी दाखवत आलो बग."

आत्याबाईंनी एक बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं. "ह्यो व्हय बर्फ?" त्या म्हणाल्या. "म्या कदी बगितलाच न्हवता."

महिनाभर ज्याची हमी त्या गावाला आणि व्याह्यांना देत होत्या, तो बर्फ असतो कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊ बोलला एवढंच ठाऊक होतं.

तेवढ्यात लॉरीच्या मागे खाकरल्याचा आवाज आला. व्याही, आणि बरोबर नगरचे दोघे. "काय मामा," व्याही म्हणाले, "बर्फ कुठाय तुमचा?"

आत्याबाईंनी मामंजींच्या तळहातावरचा तुकडा उचलला आणि भुशासकट तोंडात टाकला. मग डोक्यावरचा पदर सारखा करून दारात उभ्या राहिल्या. गाल टम्म फुगलेला. गारठ्यानं डोळ्यांतून पाणी. बोलता येईना, म्हणून त्यांनी गालाकडे बोट दाखवलं.

"संपला, व्याही," मामंजी मागून म्हणाले. "बहिनीनं खाल्ला माज्या."

व्याह्यांनी त्या गालाकडे बघितलं. मग बरोबरच्यांना म्हणाले, "खाल्ला म्हणजे आला होता." आणि मांडवाकडे वळले. मी त्यांच्याबद्दल जे वाईट चिंतलं होतं त्यातलं निम्मं तिथे मागे घेतलं.

मामंजी उतरले, भाचीला मांडवात घेऊन गेले आणि तिच्या मागे उभे राहिले. आत्याबाई आई असूनही पुढे जाऊ शकत नव्हत्या. विधवेनं मांडवाच्या कडेलाच थांबायचं, तेव्हाची रीत तशी. त्या लॉरीला टेकून उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्याजवळ. मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्यातलं बर्फाचं पाणी किती आणि लेकीचं किती, मला कळेना. माझ्या डोळ्यांतलं मात्र सगळं खरं होतं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि फुगलेल्या गालानं कशाबशा म्हणाल्या, "आजून हाय गं."