शिवणाच्या तासाची गोष्ट

“हात चालू द्या, कान इकडे द्या.”

शिवणाच्या तासाला वर्गात आल्या आल्या बाई एवढंच म्हणत. मग खुर्चीवर बसून मांडीवर पुस्तक उघडत. उजव्या हाताच्या बोटात पितळी टोपीसारखं अंगुस्तान असायचं, ते कधी काढलेलं आम्ही पाहिलं नाही. त्याच बोटाने त्या पान उलटत आणि पानाला टक् असा आवाज होई. आमच्यापैकी कितीतरी जणींना वाचनाची गोडी लागली ती या आवाजाने, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण तुमच्याही शाळेत असं कुणीतरी असेलच. मराठी शिकवणारं नसेलही, पण पुस्तकं त्यांच्यामुळेच लक्षात राहिली असतील.

आमची मुलींची शाळा धुळ्यात होती. ऐंशी-नव्वदच्या मधली ती वर्षं. शिवणाच्या खोलीत पायाची मशिनं भिंतीला लावून ठेवलेली, त्यातलं एखादंच धड चालायचं. बाकी सगळं काम हातशिलाईचं. काज करा, तुरपाई करा, झबलं शिवा. हात गुंतलेले असले तरी तोंडं मोकळी असायची, म्हणून वर्गात फार कलकल होई. ती थांबवायला बाईंनी वाचायला सुरुवात केली, असं त्या सांगत. मला ते कधी खरं वाटलं नाही. वाचायची हौस त्यांचीच होती.

आवाज काढण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. चोर घोगरा बोलायचा, शेठजी नाकात बोलायचा. आणि पुस्तकातली कुठलीही कजाग सासू हुबेहूब आमच्या मुख्याध्यापिकांसारखी बोलायची. आम्ही खाली मान घालून हसायचो, सुया बोटांत टोचून घ्यायचो. बाई मात्र गंभीर. नजर पुस्तकात असूनही म्हणायच्या, “मागच्या बाकावर टाके नाचायला लागलेत हं.”

नववीला होतो तेव्हा त्यांनी एक जाडजूड कादंबरी काढली. तिचं मुखपृष्ठ कधीच फाटून गेलं होतं, वर वर्तमानपत्राचं कव्हर. लेखक कोण, नाव काय, आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. आवडतं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते ती यामुळेच. त्यात एक हुशार मुलगी होती. शाळेतून काढून तिचं लग्न लावून देतात आणि सासरी तिचे हाल होतात. दर आठवड्याला ते हाल वाढत चालले होते. आम्ही डोळे पुसत काज करत होतो.

माझ्या शेजारी सुमन बसायची. साक्रीकडच्या एका खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती उशिरा आली. घरी तिचं लग्न ठरलं होतं, नववीची परीक्षा झाली की शाळा बंद. हे तिने मला सांगितलं आणि मी बाईंना. त्या दिवशी पुस्तक मिटलेलंच राहिलं.

पुढच्या तासाला मात्र त्यांनी सलग वाचलं, घंटा झाली तरी थांबल्या नाहीत. गोष्टीतली मुलगी एका पहाटे सासर सोडून मामाकडे जाते. सरळ सांगते, “मी परीक्षा देणार.” मग ती पास होते, नर्स होते, आणि तिच्याच गावच्या दवाखान्यात पांढऱ्या साडीत उभी राहते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सुमनने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातातलं झबलं तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

रविवारी ती गावी गेली आणि दहावीसाठी घरात तिने तेच वाक्य म्हटलं. “मी परीक्षा देणार.”

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर. मी वर्गाची मॉनिटर, म्हणून बाईंबरोबर मलाही ऑफिसात बोलावलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते, पण आवाज चढलेला होता.

“काय शिकाडतस तुम्ही आठे पोरीस्ले? मनी पोर कधी वर मान करीसन बोलनी नही. आते म्हनस, पुस्तकमा लिखेल शे!”

कधी मान वर न करणारी पोर पुस्तकाचा दाखला देऊन बोलते, ही त्यांची तक्रार. मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं, मग मला म्हणाल्या, “ते पुस्तक घेऊन ये.”

मी कपाटातून पुस्तक आणलं. आता बाईंची नोकरी जाते, असंच मला वाटत होतं. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून शेवटची पानं चाळली, पुन्हा चाळली.

“यात तर तसं काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “मुलगी विहिरीत उडी घेते. संपलं पुस्तक.”

मी बाईंकडे बघतच राहिले. बाई खिडकीकडे बघत होत्या.

“वाचा बरं,” सुमनचे वडील म्हणाले.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. सासूचा आवाज त्या दिवशी त्यांनी साधाच ठेवला. कुणाचाच आवाज काढला नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“तिना बाप कोठे व्हता मंग?” सुमनच्या वडिलांनी विचारलं.

“होता की,” बाई म्हणाल्या. “त्याला उशिरा कळलं.”

ते खुर्चीवर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग उठून म्हणाले, “दहावी हुई जाऊ द्या. लगीननं मंग दखसूत.” आणि सुमनला न भेटताच निघून गेले.

सुमन नर्स वगैरे झाली नाही. दहावी झाली, वसतिगृहात राहूनच बारावी झाली, मग लग्न. आता तिच्या गावच्या अंगणवाडीत असते. पोरांना गोष्टी सांगते म्हणे.

नोकरीनिमित्त मी पुढे जळगावला आले. निवृत्त होऊन बाईही तिथेच मेहरूण तलावाजवळ भाचीकडे राहायला आल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली होती. मी रविवारी जाऊन त्यांना वाचून दाखवायची. एकदा धीर करून विचारलं, “बाई, तेव्हा आम्हांला खोटा शेवट का सांगितलात?”

“खोटा कसा गं?” त्या म्हणाल्या. “लिहिणाऱ्याला आपल्या वर्गातली सुमन माहीत नव्हती. मला होती.”

आमचं शेवटचं पुस्तक अर्ध्यावर आलं होतं. हिवाळ्यातल्या एका रविवारी मी गेले, तर भाची दारातच उभी होती. बाई आदल्याच दिवशी गेल्या होत्या. सगळं आटोपलंही होतं.

घरी जाववेना. मी तलावाच्या काठी जाऊन बसले आणि पुस्तक उघडलं. मनात वाचणं जमेना, म्हणून हळू आवाजात वाचू लागले. बोरं विकणारी एक म्हातारी टोपली घेऊन जवळून चालली होती, ती थांबली. थोडा वेळ उभी राहिली आणि मग टोपली खाली ठेवून पलीकडे बसली.

“जरा मोठ्यानं वाच ना माय,” ती म्हणाली.

मी आवाज वाढवला.