पालक वाचवा

"आधी डोळा लावा, मग तोंड उघडा." असं म्हणत बाई काचपट्टीवर खाडीच्या पाण्याचा थेंब सोडत आणि समोरच्याचा चष्मा सरळ काढून घेत. हडपसरला प्लॉटच्या प्रदर्शनाला गेला असाल, तर फाटकाबाहेर सूक्ष्मदर्शक मांडून बसलेल्या या निवृत्त प्राध्यापिका तुम्हीही पाहिल्या असतील.

कोकणात त्यांच्या गावच्या खाडीकाठी बंगल्यांची वसाहत होणार होती. सांडपाणी थेट खाडीत. "खाडी मरणार तिथे, पण विकतायत इथे. म्हणून मी इथे."

नमुने त्या स्वतः एसटीनं आणत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "बाई, यात काय?"

"प्रवासी. लाखांनी आहेत. पण सगळे लहान, अर्धं तिकीट फाडा."

पत्रकाचं काम माझ्याकडे, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे. खाडीत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी मी दातओठ खाऊन मथळा दिला : 'प्लवक वाचवा!' छापखानेवाल्यानं आपल्या मनानं शुद्धलेखन सुधारलं आणि गठ्ठा आला : 'पालक वाचवा!' मी लालबुंद. बाई फुटपाथवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "वाटा हो, वाटा! समुद्रातल्या माशांची पोटं हेच भरतात. पालकच की!"

आणि गर्दी लोटली. एका काकूंनी पिशवीच उघडली. "पालक कसा दिला?"

"फुकट. पण डोळ्यांनी खायचा."

प्लॉट घ्यायला आलेले मांजरी गावचे एक शेतकरी वाकले. थेंबात होड्या, करंज्या, काचेच्या साखळ्या. "आरं तिच्या! ह्ये समदं जित्तं हाय?"

"स्वारगेट आहे ते, नाना गावचे उतारू. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी शिरलं की गर्दी बदलते, खार वाढला की जुने परततात." बाईंनी दुसऱ्या बाटलीतला थेंब लावला. "आता हा बघा. एका हॉटेलच्या गटारापाशी भरलाय."

"हितं एकच जात दिसतीया."

"घाणीवर तीच माजते. बाकीच्यांची गाडी रद्द."

ते तडक आत गेले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारते झाले, "मैला कुठं सोडनार, त्ये सांगा!" विक्रेता ब्रोशर चाळू लागला. मग रांगेतले सगळेच विचारू लागले. बाईंनी मला अशी टाळी दिली, की हातातली काचपट्टी फुटली.

वसाहतीच्या सांडपाण्याचा पाइप अजून खाडीत पडलेला नाही. बाई या उन्हाळ्यात गेल्या.

परवा बाटल्या मी आणल्या. कंडक्टरनं ओल्या फडक्यावरूनच ओळखलं. "बाई?"

मी मान आडवी हलवली. तो खिडकीतल्या माणसाला म्हणाला, "साहेब, जरा सरका. ह्यांच्यासोबत लहान लेकरं आहेत."