शेवटची पंगत

उद्धवरावांना थेरगावात कुणी वाईट वागवलं, असं नाही. उलट मानच फार दिला, आणि तोच त्यांना डाचायचा.

चौसष्ट साली ते औशाहून आले, कंपनीत लेथवर लागले आणि दत्तोबांच्या परसातल्या खोलीत बिऱ्हाड केलं. गावातल्या पहिल्याच लग्नात त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. भाबडे उद्धवराव हरखले. 'इथं आपली फार वट आहे' असं भावाला पत्र धाडून मोकळे झाले! पाहुणे आधी जेवतात, गावची माणसं वाढतात आणि शेवटी बसतात, ही रीत त्यांच्याही मुलखाची. पण आनंदात अक्कल कुठे शिल्लक राहते? दोन लग्नसरायांनी उजेड पडला, आणि मग ते पहिल्या पंगतीतून उठून वाढायला धावू लागले. आमटीच्या बादलीला हात घातला की कुणीतरी म्हणायचंच, "असू द्या पाव्हणं, तुमी बसा."

कंपनीतले साहेब विचारायचे, "बॉर्न अँड ब्रॉट अप कुठले?" जन्मले, लहानाचे मोठे झाले ते औशालाच, त्याला इलाज नव्हता. लेक प्रभावती मात्र त्याच खोलीत जन्मली. तिची नाळ दत्तोबांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, परसातल्या पेरूखाली पुरली.

ब्याऐंशीत प्रभावतीचं लग्न ठरलं. भाऊबंदांनी कळवलं, लग्न औशाला करा. थेरगावात तुमच्या मांडवात बादली कोण धरणार? प्रभावती म्हणाली, "माझं गाव हेच." उद्धवरावांनी लेकीचं ऐकलं, पण जिवाला घोर लागला. तीनशे माणसांचं वऱ्हाड, आणि वाढायलाच कुणी नाही, म्हणजे अब्रूच जायची.

अक्षता पडल्या आणि दत्तोबा पंधरा-वीस गावकरी घेऊन मांडवात शिरले. उद्धवराव धावले. वाढायची चिंता विसरून, मानाचं म्हणून, त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवू लागले. अठरा वर्षं स्वतः जे सोसलं, नेमकं तेच!

दत्तोबा भडकले. "आमी काय पाव्हणं हाय व्हय? पोरीची नाळ माझ्या परसात हाय. आना त्या बादल्या!"

गाव वाढायला लागलं. उद्धवराव भारावून नुसतेच उभे. दत्तोबांनी भाताची पाटी त्यांच्या हातात कोंबली. "बगत काय ऱ्हायलास? चल, त्या कडंनं घे."

चार वाजता शेवटची पंगत बसली. बुंदी कधीच संपली होती. दत्तोबांनी शेजारची जागा थोपटली, "बस रं उद्धवा."

पानात खाली लागलेला भात आणि तळाची आमटी. उद्धवरावांचे डोळे भरून आले. त्यांनी भात दोनदा मागून घेतला.