आधी हातांना कळलं

मला कमी ऐकू येतंय हे माझ्या कानांच्या आधी हातांना कळलं. सणसवाडीला एका कारखान्यात मी प्रेस मशीनवर आहे आणि केंदूरजवळच्या आमच्या वाडीत धनगरांच्या गजी नाचाला ढोल वाजवतो. आमच्याकडची मेंढरं कधीच गेली, आता सगळे शेती करतात. नाच तेवढा राहिला. फेर धरायला पुढे माझे चुलते असतात, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो.

जत्रेआधीच्या सरावात आप्पांनी एकदा नाच मध्येच थांबवला.

"अरं, ढोल हाय त्यो, पत्रा न्हाय! किती बडवतोस? मानसं पळाया लागली."

मला तर रोजच्यासारखंच वाजत होतं. घरी बायको म्हणाली, "टीव्हीचं बी तसंच हाय तुमचं." मग शिरूरला कान तपासले. प्रेसच्या दणक्यानं बरंच गेलं होतं आणि गेलेलं परत येणार नव्हतं. कानाला मशीन बसलं.

ते लावून ढोलावर पहिली काठी मारली, तर आवाज असा अंगावर आला की दुसऱ्या ठोक्याला हात वरच थांबला. जोर लावायचं ठरवलं तरी काठी चामड्याला नुसती शिवून यायची. नाचणारे गोंधळून एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. मशीन खिशात टाकलं, की पुन्हा बडवणं सुरू. मला स्वतःचीच चीड आली.

"औंदा दुसऱ्या कुनाला तरी द्या ढोल," मी आप्पांना म्हणालो.

"देतो. तू तवर नाच," ते म्हणाले. "पन मशीन काढू नगंस."

मी हातात रुमाल घेऊन फेरात उभा राहिलो. आणि कितीतरी वर्षांनी मला पाय ऐकू आले. मातीवर घासणाऱ्या टाचा, वळताना सगळ्यांचं एकदम पडणारं पाऊल, रुमालाचा फटकारा. ढोल वाजवताना मी आजवर ढोल ऐकत होतो की हे? बहुतेक हेच. ते ऐकू यायचं बंद झालं आणि हात एकटे पडले असावेत.

जत्रेच्या दुपारी आप्पांनी ढोल पुन्हा माझ्या गळ्यात घातला. सुरुवातीला काठी दबकतच पडली. मी ढोलाचा नाद सोडला आणि पायांकडे कान लावला, तशी ती जागेवर बसत गेली. शेवटच्या फेरीला लय चढवायची असते. मी चढवत होतो, तेवढ्यात आप्पांचा एक पाय फरफटल्याचा आवाज आला. मी काही ठरवायच्या आतच माझा हात सैल पडला. लय उतरली, तसा सगळा फेर सावकाश झाला. कुणी थांबलं नाही.

नंतर आप्पा लिंबाखाली टेकले. "शेवटाला का चढवला न्हाईस रं?"

"तुमचा पाय ऐकू आला."

त्यांनी पाय लांब करून गुडघा चोळला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "व्हय. गुडघा लई दुखतोय. घरात बोललो न्हाई कुनाला."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेलो.